समुद्रात रोवलेले नांगर

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावातून समुद्र दिसत नाही. अरबी समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आणि बंगालचा उपसागर तर त्याहूनही दूर. तरीही जून महिन्यात येथील शेतकरी ज्या ढगांची वाट पाहतो, त्यांतील पाणी समुद्रावरूनच येते. समुद्र तापतो, वाफ होते, वारे ती जमिनीवर आणतात, हे आपण वर्गात शिकवतो. एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "समुद्र तापतो म्हणजे किती, आणि तो मोजला कोणी?" तर उत्तर काय द्यायचे? हा लेख या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

जुन्या काळी जहाजावरून बादली सोडून पाणी वर घेत व त्यात तापमापक बुडवीत. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. १९७९ मध्ये खास मान्सूनसाठी 'मोनेक्स' हा प्रयोग झाला. पण जहाजाची अडचण अशी, की ते आज येथे असते आणि उद्या दुसरीकडे. वादळात तर ते मुद्दाम दूर जाते. नेमके तेव्हाच मोजमाप हवे असते.

मग उपकरणच समुद्रात एका जागी बांधून ठेवले तर? अमेरिकेतील वुड्स होल येथे विल्यम रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात हा प्रयत्न केला. सुरुवातीचे कित्येक बोये हरवले. दोर तुटले, काही दोर तर माशांनी चावले. प्रत्येक अपयशातून एकेक धडा मिळाला. दोराचा वरचा भाग प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या पोलादी तारेचा करावा, कारण दोर चावणारे मासे वरच्या पाण्यात अधिक. नांगर म्हणून रेल्वेची जुनी चाके चालतात. दोर परत मिळवायचा तर नांगराच्या वर असे कुलूप लावावे, की जहाजावरून ठरावीक ध्वनिसंकेत पाठवताच ते उघडेल.

आपल्या भाषेत शेतातल्या अवजारालाही नांगर म्हणतात आणि जहाजाच्या लोखंडी आकड्यालाही. देवगावच्या मुलांना पहिला ठाऊक असतो. दुसऱ्याचे काम समजण्यासाठी बंगालच्या उपसागरात सुमारे ३ किलोमीटर खोलीची जागा डोळ्यांपुढे आणा. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तर साधारण एवढी उंची होईल. जहाजावरील तंत्रज्ञ आधी प्रतिध्वनीने खोली मोजतात. मग बोया पाण्यात सोडतात, त्यामागून संवेदक अडकवलेली तार, त्यामागून किलोमीटरच्या किलोमीटर दोर. नांगर सर्वांत शेवटी. तो खाली जाताना बोयाला ओढत आपल्या जागेवर आणतो.

पॅसिफिक महासागरातील अशा बोयांचा दोर खोलीच्या सुमारे ०.९८५ पट, म्हणजे खोलीपेक्षा थोडा आखूडच ठेवत. ३,००० मीटर खोलीला २,९५५ मीटर. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे दोर ताठ राहतो आणि संवेदक ठरलेल्या खोलीवर टिकतात. येथे खोली मोजण्यात १०० मीटरची चूक झाली, तर काय होईल याचा हिशेब विद्यार्थ्यांना करता येईल.

या कामाचे मोल १९८२-८३ मध्ये कळले. त्या वर्षीचा प्रचंड एल निनो शास्त्रज्ञांच्या वेळीच लक्षात आला नाही. मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीच्या धुळीमुळे उपग्रहांची समुद्र-तापमानाची मापे चुकत होती. त्यानंतर विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये सुमारे ७० बोयांचे जाळे उभे राहिले. ते १९९४ मध्ये पूर्ण झाले.

इकडे सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८४ मध्ये दाखवले, की समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंश सेल्सियसच्या वर गेले, तरच त्यावर मोठे ढग तयार होण्याची शक्यता वाढते. म्हणजे एकेका अंशाला महत्त्व आले. पण अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या उपग्रहाला ढगांच्या आडचा समुद्र दिसत नाही, आणि पावसाळ्यात तर ढगच ढग. पाण्याखालचे तापमान कोणत्याच उपग्रहाला दिसत नाही.

भारताचा राष्ट्रीय बोया कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. काम चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे आले आणि १९९७ पासून बोये समुद्रात उतरू लागले. १९९९ च्या 'बॉबमेक्स' प्रयोगात जहाजांबरोबर या बोयांच्या नोंदीही उपयोगी पडल्या. २००० साली गोव्याच्या संस्थेने विषुववृत्तावर खोल समुद्रातील प्रवाहमापकांच्या साखळ्या रोवल्या. २००४ पासून अनेक देशांनी मिळून हिंदी महासागरात 'रामा' हे जाळे विणायला घेतले. सोमालियाच्या चाच्यांमुळे त्याचा पश्चिमेकडील भाग रखडला.

बोये रोवले की अंदाज बरोबर आले, असे मात्र नाही. २००२ च्या जुलैत देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडला, आणि अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. समुद्र व वातावरण यांची एकत्र गणिते करणारी प्रारूपे भारतात नंतर आली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या पुढाकाराने २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू झाले. अशा प्रारूपाला सुरुवातीला आजचा समुद्र कसा आहे हे सांगावे लागते. तेथे बोयाची नोंद लागते.

आणि बोया आपोआप चालू राहत नाही. त्यावर शेवाळ व कवचधारी जीव वाढतात. त्याच्या सावलीला मासे जमतात, म्हणून होड्या येतात, बोयाला दोर बांधतात. उपकरणे मोडतात, सौरपट्ट्या चोरीला जातात. दरवर्षी कोणीतरी जहाजाने जाऊन बोया उचलावा, खरवडावा, संवेदक बदलावेत, नवा दोर जोडावा लागतो. हे थांबले की काय होते, ते पॅसिफिकमध्ये दिसले. २०१२ मध्ये देखभालीचे जहाज निवृत्त झाले आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत तेथून मिळणारी माहिती सुमारे ४० टक्क्यांवर घसरली. बोये तेच होते, माणसे जात नव्हती. त्या काळातील गेलेल्या नोंदी पुन्हा मिळवता येत नाहीत, कारण कालचा समुद्र आज मोजता येत नाही. शाळेतील पर्जन्यमापकाची नोंद एक दिवस चुकली, तरी हेच होते.

वर्गात करून पाहा : एक खोल बादली, थर्माकोलचा गोळा, दोरा, रबरबँड आणि दगड घ्या. बादली पाऊणएक भरा. पहिल्यांदा दोरा पाण्याच्या खोलीइतकाच ठेवा आणि आणखी चार बोटे पाणी ओता. गोळा बुडतो का? दुसऱ्यांदा दोरा खोलीच्या दीडपट घ्या व पाणी ढवळा. गोळा किती भटकतो? तिसऱ्यांदा दोऱ्यात पातळ रबरबँड जोडून एकूण लांबी खोलीपेक्षा किंचित कमी ठेवा. प्रत्येक वेळी दोऱ्याच्या मध्यावर शाईची खूण करा आणि ती पृष्ठभागापासून किती खोल राहते ते मोजा. कोणत्या रचनेवर तापमापक टांगायचा, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या, आणि कारण विचारा.