मधूकासव ते मोहसडवा

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी आणि घाटंजी या भागांतील रानांत ज्या झाडाला मोह म्हणतात, त्याच्या नावाचा भुरळ या अर्थाच्या ‘मोह’ शब्दाशी काहीही संबंध नाही. भुरळ पाडणारा मोह संस्कृत ‘मुह्’ धातूपासून आला, तर झाडाचा मोह म्हणजे ‘मधूक’ हे संस्कृत नाव प्राकृतातून झिजत आलेले रूप आहे, आणि त्यात गोडव्याचा वाचक असा ‘मधु’ शब्द दडलेला आहे. दोन वेगळ्या कुळांचे शब्द उच्चारात एक झाल्यामुळे व्यसनमुक्तीच्या व्याख्यात्यांची कोटी करण्याची सोय झाली, इतकेच.

मद्याला गावाचे किंवा प्रदेशाचे नाव देऊन त्याची प्रतिष्ठा ठरवण्याची रीत युरोपातून आली, असा समज आहे. पोर्तुगालने दोउरो खोऱ्यातील द्राक्षमद्याची हद्द १७५६ मध्ये आखली आणि फ्रान्सने १९३५ मध्ये तशा नामाधिकाराची कायदेशीर व्यवस्था उभी केली, हे खरे. पण पाणिनीच्या व्याकरणात ‘कापिशी’ या नगराच्या नावावरून ‘कापिशायन’ हा शब्द साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे आणि टीकाकार त्याची उदाहरणे म्हणून तिथले मधु व तिथली द्राक्षे देतात. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील आजचे बेग्राम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्राक्षरसाचे मद्य आपल्या देशावरून ओळखले जाते, असे सांगून कापिशायन आणि हारहूरक ही दोन नावे दिलेली आहेत. मोहाच्या वाट्याला हा मान आला नाही. चरकसंहितेत ग्रहणी या पोटाच्या विकाराच्या चिकित्सेत ‘मधूकासव’ येते, म्हणजे तेथे नाव पडले ते जिन्नसावरून. आसव म्हणजे द्रव्य पाण्यात आंबवून तयार केलेले, पण भट्टीवर न चढवलेले औषधी पेय. आजच्या वर्गवारीत ते दारूपेक्षा वाइनच्या अधिक जवळ बसेल.

संस्कृत ग्रंथांच्या या परंपरेखेरीज यवतमाळच्या रानाचा स्वतःचा एक जुना शब्दही आहे. गोंडी भाषेत मद्याला ‘कल’ म्हणतात आणि त्याचे नाते तमिळ ‘कळ्’ व कन्नड ‘कळ्ळु’ या द्राविडी शब्दांशी आहे, यावरून येथील पेयपरंपरेला संस्कृत नावाची वाट पाहावी लागली नसावी, असे मानण्यास जागा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पाने झडलेल्या झाडावर रात्री फुले उमलतात आणि त्यांच्या फिकट पिवळ्या, मांसल, रसाने भरलेल्या पाकळ्या पहाटे जमिनीवर पडतात. खालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा मोकळी केलेली असते, आणि अस्वल पोहोचण्याआधी बायका-मुले टोपल्या घेऊन तेथे पोहोचतात. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, अंगणात वाळत घातलेली ही फुले मनुकांसारखी तांबूस होतात आणि त्यांचा किंचित आंबूस, जड वास वाऱ्यावर पसरतो. ती पाण्यात भिजवून आंबवली की जो लगदा तयार होतो, त्याला ‘सडवा’ म्हणतात. चुलीवर सडव्याचे मडके, त्यावर तळाला भोके असलेले दुसरे आणि त्याच्या पोटात वाफेचे थेंब झेलणारे लहान भांडे, सर्वांत वर थंड पाण्याचे भांडे, अशी जुनी मांडणी असते. वरचे पाणी तापले की बदलावे लागते आणि ते किती वेळा बदलले यावरून दारूचा कस ठरतो. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीत रुळलेला वाक्प्रयोगही भट्टीवरचाच आहे. गोंड आणि कोलाम समाजांत जन्म, लग्न, मरण आणि पेन म्हणजे कुलदैवताची पूजा या प्रसंगी मोहाची दारू लागते, व पिण्यापूर्वी तिचे थेंब जमिनीवर सांडले जातात.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. चरकाचे आसव आणि पोडावरचा सडवा यांतील क्रिया एकच, आंबवण्याची. पहिला शब्द औषधालयात गेला आणि ‘सडणे’ या क्रियापदाशी नाते सांगणारा दुसरा पोलिसांच्या पंचनाम्यात ‘मोहसडवा’ होऊन बसला. हा फरक बहुतांशी कायद्याने केला. मध्यप्रांत-वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा १९३८ चा. पुढे हा भाग मुंबई राज्यात आल्यावर तेथील १९४९ च्या दारूबंदी कायद्याची चौकट लागू झाली, आणि तिच्यात केवळ दारूवरच नव्हे तर मोहफुलांवरही नियंत्रण होते. फुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये उठवले.

हे निर्बंध असतानाच्या काळात नाशिकच्या द्राक्षमद्याने उलट वाट चालली. कॅबर्ने, शिराझ, शेनिन ब्लाँ या फ्रान्समधून आलेल्या जातींच्या वेली तेथे विसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी प्रमाणावर रुजल्या आणि थोड्याच वर्षांत ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. गोव्यात काजू फेणीला २००९ मध्ये मानांकन आणि २०१६ मध्ये वारसापेयाचा दर्जा मिळाला, जरी काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले होते. झाड मूळचे असणे ही वारशाची अट नाही, हे यातून दिसतेच. त्यासाठी लेबल आणि परवाना लागतो. यवतमाळच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड आहे, कारण शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, चंद्रपूरमध्ये २०१५ ते २०२१ बंदी, आणि खुद्द यवतमाळमध्ये दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील बायकांनी दारूबंदीसाठी चळवळ केलेली. त्यांच्यासमोर वारशाची भाषा करणे सोपे नाही, आणि तसे ते असूही नये. पण त्या चळवळीने दारूची तक्रार केली, तेव्हा समोर केवळ मोहाची भट्टी नव्हती, परवानाधारक दुकानेही होती. छाप्यात सापडलेला सडवा मात्र जागीच ओतून नष्ट केला जातो. नोंद होते ती लिटरची आणि रुपयांची, फुले कोणत्या रानातल्या कोणत्या झाडाखाली वेचली होती याची नाही.