वेडाचा इतिहास आणि भाषेचा प्रश्न

मनोविकार ही वैद्यकाला गवसलेली वस्तुस्थिती, की विवेकाने स्वतःची सीमा आखताना घडविलेली कोटी? १९६१ मध्ये मिशेल फूको यांच्या वेडाच्या इतिहासावरील प्रबंधाने हा प्रश्न नव्याने उभा केला. १६५६ च्या राजाज्ञेने पॅरिसमध्ये ‘ओपिताल जेनेराल’ स्थापन झाले. तेथे वेड्यांबरोबर भिकारी आणि बेकारही कोंडले गेले. नाव रुग्णालयाचे असले तरी कार्य नियमनाचे होते. पुढे पिनेल यांनी पॅरिसमध्ये व ट्यूक यांनी यॉर्कमध्ये केलेल्या सुधारणांकडे मुक्तीची कथा म्हणून पाहिले गेले. फूको ती कथा उलट वाचतात : साखळदंडाची जागा अपराधभावाने आणि नैतिक देखरेखीने घेतली.

या बहिष्काराचे तात्त्विक रूप फूको यांना देकार्तच्या ‘चिंतनां’त (१६४१) दिसते. स्वप्नाची शंका देकार्त विचारात घेतो. आपण वेडे असू, ही शक्यता मात्र तत्काळ दूर सारतो. देरिदा यांनी १९६३ च्या व्याख्यानात यावर हरकत घेतली. स्वप्नाचा दाखला वेडाची शंका वगळत नाही, अधिक व्यापक करतो, असे त्यांचे म्हणणे. शिवाय इतिहास लिहावयाचा तो विवेकाच्याच भाषेत; मग वेडाच्या मौनाचा इतिहास कोणत्या भाषेत लिहिणार? १९७२ च्या उत्तरात फूको यांनी प्रत्यारोप केला, की देरिदा सामाजिक व्यवहारांना केवळ संहितेच्या खुणांत विरघळवून टाकतात.

या वादात एकाच पक्षाची निवड करणे घातक ठरेल. केवळ संहिता वाचली, तर कोंडलेला देह नाहीसा होतो. केवळ संस्था पाहिल्या, तर इतिहासकाराची भाषा निर्दोष ठरते. दोन्हींत पीडिताची वेदना मात्र निरुत्तर राहते. वेड ही कोटी घडविलेली असली, तरी यातना घडविलेली नसते.

मराठी अभ्यासकासाठी हा प्रश्न भाषांतरापासूनच सुरू होतो. फूको यांच्या मूळ फ्रेंच संज्ञेसाठी ‘मनोविकार’ योजला, की वैद्यकाचा निवाडा आधीच मान्य होतो. ‘वेड’ म्हटले, तर आजार, ध्यास आणि प्रेम हे तिन्ही अर्थ जागे होतात. संतवाणीतील ईश्वराचे वेडही त्यातच येते. ही संदिग्धता परिभाषेच्या सोयीसाठी पुसून टाकणे म्हणजे बहिष्काराची तीच कृती आपल्या भाषेत पुन्हा करणे होय.