चुकीच्या खिडकीत लिहिलेली कमांड

मागच्या हिवाळ्यात वेस्ट विंडसरच्या घरी बसून मी तीन दिवस चाललेल्या सिम्युलेशनचं आउटपुट एका सेकंदात उडवलं. कमांड बरोबर होती, खिडकी चुकली. इमॅक्समध्ये चार शेल उघडे होते. एकाचं नाव नुसतं 'शेल', बाकीच्यांना पुढे दोन, तीन, चार असे आकडे. आता बोला!

ही डोकेदुखी जुनी आहे, आणि तिचा बराचसा इतिहास आपल्याच न्यू जर्सीत, मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये घडला. 1969 मध्ये तिथे युनिक्सचं काम सुरू झालं तेव्हा हा प्रश्नच नव्हता: समोर एक टेलिटाइप, त्यावर एक शेल. ('शेल' हा शब्द मात्र तिथला नाही. तो त्याआधी, मल्टिक्सच्या काळात, लुई पूझँ या फ्रेंच माणसानं दिला.)

1980 च्या दशकात एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये 'एसएचएल' आलं. एकाच टर्मिनलवर जास्तीत जास्त सात शेल. उघडतानाच नाव द्यायचं, आणि तेच नाव प्रॉम्प्ट म्हणून दिसायचं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं: नाव कुठल्या यादीत पडून राहत नाही, टाइप करताना डोळ्यांसमोरच असतं.

रिचर्ड स्टॉलमनच्या 1985 च्या जीएनयू इमॅक्सची वाट वेगळी. तिथे शेल हाही एक बफर, म्हणजे त्यातलं आउटपुट साध्या मजकुरासारखं शोधता, कापता येतं. पण 'एम-एक्स शेल' पुन्हा दिलं की नवा शेल न उघडता जुनाच समोर येतो. आधी 'कंट्रोल-यू' दाबलं तर इमॅक्स नाव विचारतं. मी तिथे दरवेळी नुसतं एंटर मारायचो.

रॉब पाइकनं मरे हिललाच लिहिलेला 'अ‍ॅक्मी' (1994) विचारतच नाही. त्यातल्या शेलच्या खिडकीला डिरेक्टरी आणि मशीन यांवरून नाव मिळतं. ते शोभेचं नसतं बरं का: खिडकीतल्या फाइलच्या नावावर क्लिक केलं की ती कुठे शोधायची, हे त्यावरूनच ठरतं.

मी इमॅक्स सोडलं नाही. आता माझे शेल असे आहेत: 'स्वयंपाकघर' म्हणजे चाचण्या, 'माळा' म्हणजे जुना डेटा, आणि 'देवघर' म्हणजे क्लस्टर, तिथे पारोशानं हात लावायचा नाही. नाव टाइप करायला आधी 'कंट्रोल-बॅकस्लॅश' दाबून देवनागरीवर जावं लागतं. तेवढा वेळ हात थबकतो, ते बरंच आहे.