थ्री-नॉट-थ्रीची उतरंड

देवळ्याला कॉलेजात असताना एनसीसीच्या एका शिबिरात माझ्या हातात पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री आली. चार किलोचं धूड. आमच्या हवालदारांनी बोल्टजवळच्या धातूच्या पट्टीवर बोट ठेवलं. मुकुट, खाली जी.आर.आय. ही अक्षरं, त्याखाली इशापूर आणि 1943. "तुझ्या अब्बांचा जन्म कधीचा?" मी म्हटलं, सत्तेचाळीसचा. "मग आधी हिला सलाम कर."

तेव्हा हसू आलं. नंतर कळलं की त्या पट्टीवर बराच इतिहास कोरलेला आहे.

इशापूर बंगालमध्ये, हुगळीच्या काठी, बराकपूरपासून अगदी जवळ. बराकपूर म्हणजे 29 मार्च 1857, मंगल पांडे. ज्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाला गाय आणि डुक्कर यांच्या चरबीच्या संशयाने हिंदू-मुसलमान शिपायांनी तोंड लावायचं नाकारलं, तिच्याच घराण्यातली रायफल विसाव्या शतकात त्याच परिसरात तयार होऊ लागली. ली हे नाव जेम्स पॅरिस ली या संशोधकाचं, एन्फिल्ड हे इंग्लंडमधल्या कारखान्याचं गाव. दहा गोळ्यांचं मॅगझिन आणि झरकन फिरणारा बोल्ट. तयार शिपाई मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या सहज झाडायचा. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीत बनत. पितळी बुडावर 'के.एफ.' दिसलं की समजायचं, माल खडकीचा.

सत्तावन्ननंतर इंग्रजांनी एक धडा घेतला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही: गोऱ्याच्या हातात नवं हत्यार, काळ्याच्या हातात त्याच्या मागचं. गोऱ्या पलटणीकडे नळीत खाचा असलेली, लांबवर अचूक मारणारी एन्फिल्ड, तर हिंदी शिपायाला दिसायला तशीच पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक. 1914 मध्ये हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेलला उतरल्या तेव्हा तिथे त्यांच्या हातातल्या रायफली बदलून द्याव्या लागल्या. लढायचं जर्मनांशी होतं, मग जुनं हत्यार कसं चालणार? पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी तर इशापूरने लष्करी रायफलीच मोडून बसवल्या. नळी रुंद केली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकला. एका वेळी एक गोळी, तीही जवळच्या पल्ल्याची. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभं केलं, युरोपियनांना सूट दिली.

गोरे गेले, पण उतरंड तशीच राहिली. सैन्याने टाकलेली रायफल पोलिसाकडे, पोलिसाने टाकलेली होमगार्डकडे आणि एनसीसीच्या पोरांकडे. जम्मूच्या डोंगरात 1990 च्या दशकात ग्राम संरक्षण समित्यांना वाटली तीही हीच. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटी स्थानकावर दोन एके-47 समोर आपल्या शिपायांच्या हाती काय होतं? काही थ्री-नॉट-थ्री, बाकी लाठ्या. त्या शिपायांच्या भित्रेपणाबद्दल नंतर जे बोललं गेलं त्याचा मला आजही राग येतो. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला 26 जानेवारी 2020 च्या संचलनात निरोप दिला. पंच्याहत्तर वर्षांची नोकरी!

परदेशात मात्र या रायफलीचे शौकीन आहेत. इशापूरच्या रायफलीची तिकडे वेगळी ओळख आहे. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला जादा स्क्रू, ग्रेनेड फेकण्यासाठी ठेवलेल्या रायफलीवर तांब्याच्या तारेचे वेढे. अमेरिकेतला एखादा निवृत्त माणूस जवसाच्या तेलाने तिचा दस्ता घासतो, नळीतून चिंधी ओढतो, रविवारी मैदानावर चार गोळ्या झाडतो आणि ती कोणत्या रेजिमेंटकडे होती याचा माग काढत बसतो.

इथे ते शक्य नाही. .303 हा लष्करी बोअर, सामान्य माणसाला मनाई. म्हणून शिकारी आणि शेतकऱ्यांसाठी त्याच यंत्रणेवर .315 बोअरची रायफल निघाली. पिकात रानडुकरं शिरली की परवानाधारक जी बाहेर काढतो ती बहुधा हीच. 1959 चा शस्त्र कायदा जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट देतो, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. म्हणजे जी बंदूक पुन्हा जिवंत करता येते ती जपता येत नाही, आणि जी जपता येते ती मेलेलीच हवी. 2019 च्या दुरुस्तीने परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली, वारशाने आलेलं धरून. आजोबांची तिसरी बंदूक असेल तर जमा करा.

हत्यारं घरोघरी असावीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. मालेगाव इथून तासाभरावर आहे, मला दंगल म्हणजे काय ते माहीत आहे. पण बाद झालेल्या रायफली भट्टीत घालण्याआधी त्यांच्या पट्टीवरची अक्षरं कोणी उतरवून घेतो का? कोणतं वर्ष, कोणती पलटण, पुढे कोणतं ठाणं. आमच्या शिबिरातल्या त्या 1943 च्या रायफलीचा नंबर मी तेव्हा लिहून घेतला नाही. दस्त्यावर कोणीतरी खिळ्याने एक 'स' कोरलेला होता, एवढंच आठवतं.