मनगटी घड्याळ : कडे व धातू

मनगटी घड्याळाच्या काचेभोवती बसविलेल्या कडेस बेझल किंवा कडे म्हणतात. काच जागेवर धरून ठेवणे आणि कवचाची वरची फट बंद करणे ही त्याची मूळ कार्ये होत. कड्याचा प्रकार व कवचाचा धातू यांवर घड्याळाचे रूप, वजन, टिकाऊपणा आणि किंमत बऱ्याच अंशी अवलंबून असतात [⟶ घड्याळ]. खारट व दमट हवेच्या प्रदेशात, उदा., सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण किनाऱ्यावर, ही निवड केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही.

इतिहास : फाव्हर-लूबा (१८६५) आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वेस्ट एंड या स्विस पेढ्यांचा व्यापार मुंबईत सुरू झाला. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सैनिकांमुळे मनगटी घड्याळाचा प्रसार झाला. तथापि धूळ व ओलावा आत शिरण्याची अडचण कायम होती. रोलेक्सच्या ‘ऑइस्टर’ (१९२६) या घड्याळात कडे, पाठ व चावी ही कवचावर आट्यांनी घट्ट बसविली होती. कड्यावरील खाचा हत्याराची पकड बसावी म्हणून होत्या. मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने १९२७ मध्ये इंग्लिश खाडीत सु. दहा तास पोहताना हे घड्याळ जवळ बाळगले व ते चालू राहिले. पुढे कडे बसविण्याची रीत बदलली, पण खाचा शोभेसाठी राहिल्या. भारतातील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पोलो खेळात काचा फुटत. त्यावर उपाय म्हणून कवच उलटे फिरविता येणारे ‘रिव्हर्सो’ १९३१ मध्ये निघाले.

भारतात एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोर येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. हा विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. टायटन कंपनीची स्थापना १९८४ मध्ये झाली.

कड्याचे प्रकार : गुळगुळीत, खाचांचे, रत्नजडित व अंशांकित असे चार प्रमुख प्रकार आहेत. गुळगुळीत कडे साफ करण्यास सर्वांत सोपे. खाचांचे कडे प्रकाशात चमकते. मात्र वारंवार पॉलिश केल्याने त्याच्या धारा बोथट होतात. ब्लांपँ व रोलेक्स यांनी १९५३ मध्ये पाणबुड्यांसाठी फिरते कडे आणले. बुडी मारताना त्याची शून्यखूण मिनिटकाट्यासमोर आणली की गेलेला वेळ थेट वाचता येतो. नंतरची कडी एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नव्हे, आणि पाणबुडा वेळेआधीच वर येतो. ओमेगाच्या ‘स्पीडमास्टर’ (१९५७) घड्याळाच्या कड्यावर वेगमापनाच्या खुणा आहेत : एक किमी. अंतरास ४५ सेकंद लागल्यास काटा ताशी ८० किमी. दाखवितो.

धातू : अठरा कॅरट सोन्यात ७५ टक्के सोने असते, उरलेल्या भागात तांबे अधिक असल्यास लालसर छटा येते. पांढऱ्या सोन्यावरील ऱ्होडियमचा मुलामा झिजतो. सोने गंजत नाही, पण मऊ असते. अगंज पोलादाचे संरक्षण त्यातील क्रोमियमच्या ऑक्साइडाचा पातळ थर करतो; ‘३१६ एल’ पोलादातील २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे ते क्षारांनाही अधिक तोंड देते. टिटॅनियमची घनता सु. ४·५, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून थोडी अधिक. समुद्राच्या पाण्याचा त्यावर परिणाम होत नाही, मात्र ओरखडे पडतात. सिटिझनने १९७० मध्ये टिटॅनियमचे घड्याळ काढले. सर्वांत दुबळे ते मुलामा दिलेले पितळी कवच.

किनाऱ्यावरील अनुभव : मालवण किनाऱ्यावर वर्षाकाठी भरपूर पाऊस पडतो. घाम व मीठ कड्याखालच्या बारीक फटीत साचतात. मुलामा झिजला की पितळ हिरवट पडते. लग्नात जावयाला दिलेले किंवा चाकरमान्याने मुंबईहून आणलेले सोनेरी घड्याळ अशा रीतीने थोड्या वर्षांत निस्तेज होऊ शकते. फिरत्या कड्यात वाळू अडकते, म्हणून तारकर्लीसारख्या ठिकाणी बुडीनंतर घड्याळ गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते. तबकडीवरील ‘३० मीटर’ हा आकडा पोहण्याची हमी नव्हे. पाणी रोखणारी रबरी वळीही कालांतराने कडक होतात. समुद्रकाठच्या रोजच्या वापरास गुळगुळीत कड्याचे ३१६ एल पोलादी किंवा टिटॅनियमचे घड्याळ योग्य. खाचांचे सोन्याचे कडे समारंभास शोभते. पाणी बाहेर ठेवण्यासाठी घडलेल्या या भागाची खरी परीक्षा आजही पाण्याजवळच होते.