चर्चच्या दारात अडलेलं गाणं



भजनाला बसलं की मधोमध पेटी असते, शेजारी पखवाज, हातात टाळ. पेटीशिवाय भजन रंगत नाही असं आपण म्हणतो. पण ही पेटी मुळात आपली नव्हे. १८४२ साली पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं. मग मिशनरी आणि साहेबलोकांबरोबर ती इकडे आली, आणि कलकत्त्यात तिला खाली बसून हाताने भाता मारता येईल असं रूप मिळालं. परकी, आपले सूर हिला पेलत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केलं, ते थेट १९७१पर्यंत. भजनी मंडळांनी मात्र तिला सोडलं नाही.

देवापुढे कोणतं वाद्य चालतं आणि कोणता सूर चालत नाही, हे कोण ठरवतं? आज याच प्रश्नाची एक लांबची गोष्ट सांगते. गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांनी, आणि त्यातही बायकांनी, ‘सैतानाचं’ म्हणून हिणवलेलं संगीत चर्चच्या उपासनेत कसं आणलं, त्याची.

आधी ब्लूज म्हणजे काय ते बघू. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाची मोठमोठी शेतं होती. १८६५पर्यंत त्यावर गुलाम राबत. गुलामी गेली, तरी शेत मालकाचं, कर्ज मालकाचं आणि कापूस वेचणारे हात तेच राहिले. काम करताना एकाने हाळी द्यायची, बाकीच्यांनी ती उचलायची, ही तिथली रीत. आपल्याकडे जात्यावर एकीने ओवी म्हणावी आणि दुसरीने पुढची ओढावी, तसंच काहीसं. या हाळ्यांतून आणि दुःखाच्या गाण्यांतून ब्लूज घडलं. सूर सरळ लावायचा नाही, किंचित उतरवायचा, ओढायचा, मोडायचा. विषय संसाराचे: नवरा सोडून गेला, पैसे नाहीत, पूर आला. हे गाणं दारूच्या गुत्त्यात आणि तंबूच्या खेळांत वाजायचं, म्हणून चर्चवाल्या घरांत त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लाखो कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून शिकागोसारख्या शहरांत आली. तिथे त्यांची मोठी बाप्टिस्ट चर्च होती. पण तिथली उपासना नव्याने आलेल्यांना परकी वाटे. गायनमंडळ कागदावरचं युरोपी संगीत गाई. टाळी नाही, डोलणं नाही, मध्येच कुणी ‘आमेन’ म्हणून ओरडणं नाही. जुन्या, शिकलेल्या लोकांना वाटे, गावाकडची ओरडाआरड इथे आणली तर गोरे लोक हसतील. त्यांचं हे भय मला अगदीच खोटं वाटत नाही. ज्यांना शतकानुशतकं रानटी म्हटलं, ती माणसं नीटनेटकेपणाला जपणारच. पण त्यात कापड धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांचा सूर मात्र बाहेर राहिला.

या दारावर पहिली मोठी धडक दिली ती थॉमस डॉर्सी यांनी. जन्म १८९९, जॉर्जिया राज्यातला. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. मुलगा मात्र ब्लूजचा पियानोवाला झाला. मा रेनी या त्या काळच्या थोर ब्लूज गायिकेच्या साथीला तो होता. १९२८ साली त्याचं एक चावट गाणं तुफान खपलं. त्याच हाताने तो देवाची गाणीही लिहू लागला, ब्लूजच्या चालीत. या गाण्यांना नाव पडलं गॉस्पेल, म्हणजे शुभवर्तमान. चर्चच्या पाळकांनी त्याला दारातून परत पाठवलं. काल गुत्त्यात वाजवणारा आज वेदीपुढे कसा?

१९३२च्या ऑगस्टमध्ये डॉर्सी सेंट लुईसला एका धर्मसभेत गायला गेले होते. घरी पत्नी नेटी बाळंतपणाच्या बेतात होती. सभेतच तार आली: नेटी गेली. पाठोपाठ बाळही गेलं. काही दिवसांनी पियानोपाशी बसून त्यांनी एका जुन्या भक्तिगीताच्या चालीवर ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं रचलं. हात धरून मला पुढे ने, अशी प्रभूला विनवणी. चाल ओळखीची, पण सूर ब्लूजसारखे ओढलेले. बाळंतपणात बाई जाणं हे ज्या घरांनी पाहिलं होतं, त्यांना हे गाणं समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच वर्षी शिकागोच्या पिलग्रिम बाप्टिस्ट चर्चने डॉर्सींना गॉस्पेल गायनमंडळ चालवायला घेतलं. जुने संगीतप्रमुख नाराज होते. पण मंदीचे दिवस होते, चर्चवर कर्ज होतं आणि दुकानाच्या गाळ्यात भरणारी छोटी चर्च माणसं ओढून नेत होती. तिथे टाळ्या होत्या, डफ होते. म्हणजे पाळकांचं मन वळवायला भक्तीबरोबर रिकामी बाकंही कारणी लागली.

आता ज्या बाईबद्दल आपल्या बचत गटांतल्या मैत्रिणींना मला मुद्दाम सांगायचं आहे, ती सॅली मार्टिन. जन्म १८९५. शाळा मध्येच सुटलेली, घरकाम आणि मिळेल ती नोकरी करून पोट भरणारी. १९३२ साली ती डॉर्सींकडे गायला आली. आवाज खरखरीत, स्वरलिपी वाचता येत नाही. डॉर्सींनी तिला नाखुशीनेच घेतलं. पण सॅलीने गाता गाता दुसरंच काहीतरी पाहिलं. गाण्यांचे छापील कागद विकले जात होते, पण आलेल्या पैशाला ना वही ना हिशेब. तुमच्याकडे चांगली वस्तू आहे, पण तिचं काय करायचं ते तुम्हाला कळत नाही, अशा अर्थाचं तिने त्यांना तोंडावर सांगितलं. वही घातली. विक्रीची घडी बसवली. गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन नवी गायनमंडळं उभी केली, आणि मंडळ उभं राहिलं की कागद तिथे विकले जाणारच.

डॉर्सींना ‘गॉस्पेलचे जनक’ म्हणतात. पुस्तकांत त्यांच्या नावापुढे दोन पानं आणि सॅलीला दोन ओळी, हे मला पटत नाही. वहीशिवाय ती गाणी शिकागोबाहेर इतक्या लवकर गेली नसती. १९४० साली दोघांचं बिनसलं, तेव्हा सॅलीने केनेथ मॉरिस या संगीतकाराबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था काढली, आणि ती गॉस्पेल गाण्यांच्या मोठ्या प्रकाशन संस्थांपैकी एक झाली.

बाईला व्यासपीठ मिळण्याचाही यात प्रश्न होता. बहुतेक बाप्टिस्ट चर्चमध्ये बाईने वेदीवरून उपदेश करायचा नाही असा दंडक. मग सेंट लुईसच्या विली मे फोर्ड स्मिथ यांनी वाट काढली. गाण्याच्या आधी आणि मध्ये त्या बोलत. गाणं चार मिनिटांचं, बोलणं त्याहून लांब. उपदेश नको म्हणता ना, मग हे गाणंच आहे! आपल्याकडे कीर्तनात गाणं आणि सांगणं एकत्रच असतं, म्हणून आपल्याला ही युक्ती चटकन कळते. नारायण वामन टिळकांनीही मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं, ते याच कारणाने: आपल्या माणसाला आपल्या चालीत देव जवळचा वाटतो.

आता गिटारकडे येऊ. अर्कान्सा राज्यात कॉटन प्लांट नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच कपाशीचं झाड. तिथे १९१५ साली कापूस वेचणाऱ्या घरात रोझेटा जन्मली. आई केटी बेल नुबिन मँडोलिन वाजवत फिरून धर्मप्रचार करायची. तिचं चर्च होतं चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट. बायबलमधल्या स्तोत्रांत डफ, झांजा, तंतुवाद्यांनी देवाची स्तुती करा असं सांगितलंय, मग आम्ही का वाजवू नये, असं हे लोक म्हणत. सहा वर्षांची रोझेटा आईबरोबर गिटार घेऊन उभी राहायची. पुढे दोघी शिकागोला आल्या.

एकोणिसाव्या वर्षी तिचं एका धर्मोपदेशकाशी लग्न झालं. ते टिकलं नाही. त्याच्या थॉर्प या आडनावाचं थार्प झालं आणि तेवढं तिच्याकडे राहिलं: सिस्टर रोझेटा थार्प. १९३८ साली ती न्यूयॉर्कला गेली आणि कॉटन क्लबमध्ये गाऊ लागली. (कापूस काही तिचा पिच्छा सोडेना.) त्या क्लबात कलाकार कृष्णवर्णीय, प्रेक्षक गोरे आणि टेबलावर दारू. त्याच वर्षी तिची पहिली रेकॉर्ड निघाली. त्यातलं ‘रॉक मी’ हे गाणं मूळ डॉर्सींचंच. चर्चमध्ये त्याचा अर्थ, देवा, मला कुशीत घेऊन जोजव. क्लबात तेच शब्द ऐकणाऱ्यांना काय वाटायचं, ते सांगायला नको. चर्चमधल्या अनेकांना हा विश्वासघात वाटला. तिच्या गिटारला वीज जोडलेली होती, बोटं पुरुषांना मागे टाकतील अशी चालत, आणि १९४५ साली तिचं एक भक्तिगीत कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ज्याला पुढे रॉक अँड रोल म्हटलं, त्याची चाहूल त्यात आहे असं बरेच जाणकार सांगतात. लिटल रिचर्ड, जॉनी कॅश, एल्विस प्रेस्ली हे तिला ऐकत वाढले. म्हणजे रॉक बाहेरून चर्चमध्ये शिरलं, हे अर्धंच खरं. त्याचा एक मोठा झरा चर्चमधूनच बाहेर पडला होता.

महालिया जॅक्सन यांनी उलटी वाट धरली. न्यू ऑर्लिन्सच्या, लहानपणी आई गेलेल्या, मावशीने कडक शिस्तीत वाढवलेल्या. बेसी स्मिथचं ब्लूज त्या चोरून ऐकत, आणि तो आवाज त्यांच्या गळ्यात कायमचा बसला. शिकागोत धुणीभांडी करता करता त्या डॉर्सींची गाणी गाऊ लागल्या. पुढे क्लबवाल्यांनी मोठमोठ्या रकमा देऊ केल्या, तरी ब्लूज गायचं नाही ते नाहीच. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत त्यांनी डॉर्सींचं तेच ‘हात धर’ गाणं म्हटलं. १९७१ साली त्या भारतातही आल्या. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि मुंबईत गायल्या, आणि तिकिटं बघता बघता संपली.

मला दोघींत कमी-जास्त करता येत नाही. महालियांना मान मिळाला, कारण त्यांनी रेघ ओलांडली नाही. रोझेटाने ती पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्याची किंमत मोजली. १९५०च्या सुरुवातीला तिने सरळ ब्लूजची गाणी रेकॉर्ड केली, तेव्हा चर्चचे श्रोते तिच्यापासून तुटले. काम मिळेना, म्हणून ती युरोपात गाऊ लागली. १९७३ साली फिलाडेल्फियात वारली, तेव्हा थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तीस वर्षांहून अधिक काळ तसंच राहिलं. मग चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले आणि दगड बसवला. २०१८ साली रॉक अँड रोलच्या मानाच्या यादीत तिचं नाव गेलं.

आज अमेरिकेतच नव्हे, जगभरच्या कित्येक चर्चमध्ये ड्रम आणि विजेची गिटार रविवारच्या उपासनेत वाजते. वाद मिटलेला नाही. काहींना तो गोंगाट वाटतो, काही म्हणतात तरुण पोरं नाहीतर येणारच नाहीत.

१९६४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर रोझेटाचा कार्यक्रम झाला. श्रोते एका फलाटावर, कलाकार समोरच्या फलाटावर. पाऊस आला, तर तिने ठरवलेलं गाणं बदललं आणि पावसाचंच भक्तिगीत धरलं. अंगात कोट, गळ्यात पांढरी गिटार. त्याचं चित्रण मोबाइलवर मिळतं. पुढच्या बैठकीत जिच्याकडे मोठा मोबाइल असेल तिने लावा, आणि ऐकून काय वाटलं ते आम्हाला कळवा.