स्क्रब टायफस (विदर्भातील)
ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होणारा तीव्र ज्वर. झुडपांत व वाढलेल्या गवतात आढळणाऱ्या सूक्ष्म माइटच्या अळ्या (चिगर) चावल्याने तो होतो. माणसाकडून माणसाला लागत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात याची साथ आली. चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी असते, दुखत नाही. म्हणून अंगभर तपासल्याखेरीज सापडत नाही. काहींना ती नसतेच. मग ताप डेंग्यू वा मलेरियाचा समजला जातो आणि मोलाचे दिवस वाया जातात. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बरा होणाऱ्या आजारात शेतमजूर दगावावेत, हे क्लेशदायक आहे. पेनिसिलिन गटातील औषधे येथे निरुपयोगी ठरतात. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू बाधित होतात. लस अद्याप उपलब्ध नाही.